टेम्पोभर देव फोपनारला निघालेत

श्री. निंबाभाऊंना, फोपनार,
शहरातल्या इतवारा पेठेतून चुडामणचा राम राम. केळीला पाणी पुरतंय ना? वहिनींचा गुडघा कसा आहे? इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे आणि मी उपाशी आहे. फोन केला असता, पण सुमन तो हातातून घेते आणि मग तुम्हा बहीणभावांचंच बोलणं होतं, म्हणून पत्र.

झालं असं. देवाची तसबीर फुटली की आपले लोक ती थेट तापीत सोडतात. निर्माल्य तर पिशवीसकट (फुलं तरी पिशवीतून काढा म्हटलं, तर असे बघतात, जणू मी त्यांच्या पुण्यात वाटा मागतोय). घाटावर काच पायात घुसली आणि माझं डोकंच फिरलं. पायरीवर उभा राहून ओरडलो, "भैया, नदी में मत डालो, मेरे घर दे दो!" अहो, लोकांनी ऐकलं की! आजवर माझं कुणी ऐकलं नव्हतं, ते नेमकं हेच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ओट्यावर गणपती, लक्ष्म्या, कुणाच्या लग्नात आहेरात आलेले राधाकृष्ण. कचरागाडीवाला हात जोडून म्हणाला, "बाबूजी, भगवान को गाडी में कैसे डालूँ?" त्याचंही खरंच.

फुलांचं सोपं होतं. ती कुंडीत मातीखाली जिरवली, पिशव्या धुऊन भंगारवाल्याला दिल्या. पण देवांचं काय? सुमन म्हणते, घरी आलेला देव उपाशी ठेवून तुम्हाला वाढू का? आता रोज एकेकाला गंध, फूल, नैवेद्य. शेवटच्या मारुतीपर्यंत पोचेतो दुपार टळते, आणि माझा चहासुद्धा मारुतीनंतर. मी शुगरवाला माणूस, चक्कर येते हो भाऊ! एकदा नैवेद्यातला पेढा उचलला, तर आठवडाभर बोलणी खाल्ली. तेवढंच काय ते पोटात गेलं.

शेवटी ती एका गोष्टीला कबूल झाली. चौकटी, काचा काढायच्या आणि नुसते कागद भिजवून तुमच्या केळीच्या बुंध्याशी मातीआड करायचे. तेव्हा एक खड्डा खणून ठेवा. काच भंगारात द्या, तिकडच्या नाल्यात नको. देव मार्गी लागले की मला वेळेवर जेवण मिळेल.

तुमचा,
चुडामण

ता. क. खड्डा आजच लागेल. केळी उतरवून फोपनारला परत निघालेला तुमच्या गोटूचा टेम्पो भरून दाराशी उभा आहे. पत्र त्याच्याच हाती देतोय.

आणखी एक. तुमच्या वडिलांच्या, म्हणजे तात्यांच्या फोटोची काच तडकली म्हणून सुमनने तो ओट्यावर काढून ठेवला होता. हार दिसला, मी घाईत देवांत धरला. तात्या पार तळाशी गेलेत. काढावं तर दोऱ्या बांधून झाल्या आणि सुमन टेम्पोला हळदकुंकू लावतेय. भाऊ, पाया पडतो, पुरण्याआधी तात्यांना बाजूला काढा.

घाईत शेवटचं. सुमन आत्ताच म्हणाली, "देव गेले, आता पहिलं पान तुमचं. तेवढं तात्यांना फूल वाहून येते." वहिनींना माझ्या भाकऱ्या टाकायला सांगा. मी गोटूच्या शेजारी बसलोय.