पोटावर उतरणारं विमान

प्रिय म्हणायची इच्छा नाही, पण पत्राची दुसरी सुरुवात मला येत नाही, म्हणून: प्रिय धाकटे राजे,

माझा नंबर दिसला की तुझा फोन मुका होतो. म्हणून तुझ्या चौथी पास ताईने पेन हातात घेतलंय. चुका काढत बसू नकोस, आधी वाच.

बाबांना ते विमानाचं यंत्र पाठवलंस तेव्हाच माझं डोकं फिरलं होतं. पोरगा यायचा सोडून खोकी आली. मोठा पडदा, दांडा, पायाखालची पॅडल, वर ते हेडफोनचं झेंगट. माझं इस्त्रीचं टेबल पॅसेजमध्ये गेलं, कुणी विचारलं का मला? जन्मभर शेडमध्ये विमानांची चाकं दुरुस्त केलेला माणूस, कधी चालवायच्या खुर्चीत बसला नाही, तो आता सत्तरी उलटल्यावर पडद्यावर जुनी लढाऊ विमानं उडवतो. उडवायला काय, कावळाही उडतो. उतरवताना घाम फुटतो. शेपटीखाली चाक, नाक वर, समोरची धावपट्टी दिसतच नाही, बाजूने डोकावून अंदाज घ्यायचा. ब्रेक जोरात दाबला की विमान तोंडावर. शर्टांच्या कॉलरी करता करता हेच ऐकते मी रोज, पाठ झालंय.

तू तिकडून, ते इकडून, पडद्यावर दोन विमानं शेजारी शेजारी. उतरायच्या आधी तू ओरडायचास, चाकं खाली, बाबा! चाकं आत राहिली की विमान पोटावर घासत उतरतं, आणि चाकांत जन्म गेलेला माणूस चाकंच विसरायचा. मग तुला चार शिव्या घालून चाकं खाली करायचे आणि दोघं खिदळायचे. मला चीड यायची. औषधं मी द्यायची, पाठ मी चोळायची, आणि हसायचं मात्र तुझ्याशी.

मग तुझी बायको घर सोडून गेल्याचं तू त्यांना सांगितलंस आणि ते म्हणाले, अरे, तुझा संसारही पोटावरच उतरला की! घाणेरडं बोलले. त्यांच्या जिभेला ब्रेक नाही, कधीच नव्हता. मी तिथल्या तिथे झापलं त्यांना. पण तू काय केलंस? शेपूट घालून पळालास, त्या दिवसापासून पडद्यावर तुझं विमान नाही. तुला लागलं, मान्य. माझ्या अंगावर काय रोज फुलं पडतात?

तेव्हापासून रोज विमान पोटावर आपटतात. चाकं आतच. पंखा वाकतो, पडदाभर ठिणग्या, आणि हे ढिम्म. एकदा मीच पॅसेजमधून ओरडले, चाकं खाली! तर म्हणतात, तू तुझी इस्त्री बघ, शर्ट जळतोय. खरंच जळला, तोही गिऱ्हाइकाचा. ते पाप तुझ्या माथी.

आता मुद्द्याचं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं ऑपरेशन आणखी लांबवलंत तर माणूस हातचा जाईल. हा गुरुवार सोडून पुढच्या गुरुवारची तारीख दिलीय. बॅग भरून दाराशी ठेवलीय. आणि म्हातारा हटून बसलाय, एकदा विमान नीट उतरल्याशिवाय मी हलणार नाही. मी तर दांडाच उपटायला गेले होते. म्हटलं, बटण तुमच्या हाताखाली आहे, विसरायला तुम्ही काय लहान आहात? करा की चाकं खाली एकदाची! तर पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, मीच केली खाली, तर तो कशाला येईल?

तेव्हा कान उघडे ठेवून ऐक. माफी मागू नकोस, तेही मागणार नाहीत. घरी येऊ नकोस, मला तुझं तोंड बघायचं नाही. ते रोज संध्याकाळी उडतात. त्या गुरुवारच्या आत एक दिवस ते झेंगट कानाला लाव, ओरड, आणि हवं तर लगेच बंद कर. दवाखान्यात मी नेते, नेहमीसारखी.

तुझीच, इलाज नाही म्हणून,
ताई