रुपालीच्या पत्रिकेतली रिकामी जागा

मुंबई, ३ मार्च २०२५

ती. स्व. ज्ञानेश्वरमामा यांस,
मनस्वीचा शि. सा. न. वि. वि.

पोस्टातून निवृत्त झालात तेव्हा तुम्ही आम्हा भाचरांना बजावलं होतंत, की चौतीस वर्षं मी लोकांची पत्रं वाटली, आता माझी खुशाली मोबाइलवर विचाराल तर दारात उभं करणार नाही. म्हणून हे पत्र. होस्टेलवरच्या मुली माझ्याभोवती गोळा झाल्यात, कागदावर पत्र लिहिणारी मुलगी बघायला.

काम असं आहे. आमचं ग्राफिक डिझाइनचं हे शेवटचं वर्ष. शेवटचा प्रोजेक्ट खऱ्या माणसासाठी करायचा असतो, आणि केलेली वस्तू छापून वापरात यावी लागते. मैत्रिणींनी कुणी साबणाचं खोकं धरलंय, कुणी कॉफीचा डबा. मी रुपालीताईच्या लग्नाची पत्रिका धरायचं म्हणते.

हरेशदादाच्या लग्नाची पत्रिका मी वर्गात दाखवली होती. निमंत्रक, व्यवस्थापक, आपले नम्र आणि तळाला बारकी पोरं मिळून एकशे त्रेचाळीस नावं निघाली. त्यात नवरीचं नाव शोधायला सरांना चष्मा पुसावा लागला. ताईची पत्रिका मी पाच ओळींची करणार. नवरा, नवरी, दिवस, वेळ, ठिकाण. बाकी सगळी मोकळी पांढरी जागा, डोळ्यांना विसावा म्हणून. एवढं करू द्या, मामा.

मामीला आणि हरेशदादाला नमस्कार.

तुमच्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली भाची,
मनस्वी


शेणवा, १० मार्च २०२५

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पिनकोड चुकला होता आणि तिकीट तिरकं लावलं होतंस. डिझाइन शिकतेस ना, बाय?

हो म्हणायला माझं काय जातं, लेक माझी आणि भाचीही माझी. पण तुझ्या मामीने पाच ओळींचं ऐकलं आणि विचारलं, की ही पत्रिका आहे का तार. गणपती कुठं बसवणार, असंही तिने विचारलं.

दुसरी गोष्ट नवसूची. माझा हा चुलतभाऊ तुला ठाऊकच आहे. आपल्या घरात कुणाचंही लग्न असो, मांडवाची मेढ तोच रोवतो. त्याचं नाव गाळलं तर ती मेढ तो माझ्या डोक्यात रोवील. नावं आम्ही शोभेला छापत नाही, मनस्वी. ज्याचं नाव पत्रिकेत, तो घरचा. तो न सांगता पहाटे येतो, पाणी भरतो, पंगत वाढतो. ज्याचं नाव नाही तो पाहुणा. तो जेवतो आणि जातो. आता सगळेच पाहुणे झाले तर भात कोण शिजवणार?

तरी नमुना पाठव. बघतो.

सापगावला तुझ्या आईकडे गेलो होतो, पूजा बरी आहे. अभ्यास करून प्रकृतीला जप.

आशीर्वाद आहेतच, आणि थोडी काळजीही.
तुझा ज्ञानेश्वरमामा


मुंबई, २४ मार्च २०२५

ती. स्व. मामांस शि. सा. न. वि. वि.

नमुना सोबत आहे. कृपया घडी घालू नका, आणि मामीला त्यावर चहाचा कप ठेवू देऊ नका.

एक गोष्ट स्पष्ट सांगते. बावीस एप्रिलला आमची परीक्षा आहे. बाहेरून परीक्षक येतात. पत्रिका छापून त्यांच्यासमोर ठेवली नाही, किंवा ज्याच्यासाठी केली त्याची संमती दाखवली नाही, तर मी नापास आणि अख्खं वर्ष पुन्हा. आईला हे अजून सांगितलं नाही. दुसरी पत्रिका करायला आता वेळही उरलेला नाही.

म्हणून नमुना पसंत असेल तर त्यावरच सही करा आणि मुरबाडला मनोजच्या छापखान्यात द्या. तो सही बघून छापेल. नवसूमामाला माझ्यातर्फे सांगा, की नाव नसलं तरी माया तेवढीच आहे.

तुमच्या एका सहीवर जीव टांगून बसलेली,
मनस्वी


शेणवा, १२ एप्रिल २०२५

चि. मनस्वीस अनेक आशीर्वाद.

काळजी सोड. पत्रिका छापून झाली. चारशे प्रती आल्या, त्यातल्या दहा तुला पार्सलने पाठवल्या आहेत.

तू सही करायला सांगितलीस, मी केली. मोकळी जागा एवढी होती, की तू ती सहीसाठीच सोडली असणार असं मला वाटलं. पोस्टात आम्ही रिकामा रकाना असलेला फॉर्म कधी घेतला नाही. तेवढ्यात नवसू आला. सही बघून म्हणाला, की तुझी एकट्याचीच सही असेल तर मांडवही तू एकट्यानंच घाल. मी पेन त्याच्या हातात दिलं. त्याने नाव लिहिलं आणि पुढे मोबाइल नंबरही टाकला.

मग बातमी फिरायला कितीसा वेळ? गिरजावहिनी आली. आजवर प्रत्येक पत्रिकेत तिच्या नवऱ्याचं नाव छापलं आणि भात हिने शिजवला. तिने नुसतं गिरजा एवढंच लिहिलं, आडनाव नाही की नवऱ्याचं नाव नाही, आणि म्हणाली की आता बघा भात कसा होतो तो. तुझ्या जनामावशीची लिहायची सवय सुटलेली, ती मुरबाडला दोन दिवस पेपरच्या कडेला नाव गिरवत होती, मग येऊन तिने लिहिलं. पाड्यावरची बारकी नावाची बाई पळसाच्या पत्रावळी देते, तिला अक्षर येत नाही. माझ्याकडे जुनं शाईचं पॅड होतं. तिने अंगठा उठवला तो नेमका वर मधोमध. तुझी मामी लांबून बघत राहिली आणि म्हणाली, की गणपती आला गो.

कोपऱ्यात गोल गोल आहे ती नक्षी नाही. पेन चालतंय का ते हरेशने बघितलं.

मनोजला मी बजावलं होतं, की माझ्या भाचीचं काम आहे, नमुन्यावर आहे ते तसंच उतरलं पाहिजे, एक ठिपका कमी नको. शहाणा माणूस आहे, तसंच उतरवलंन. तुझ्या पाच ओळी सगळ्यांच्या मधे छान दिसतात.

परीक्षेला जाताना देवाला हात जोड.
तुझं काम फत्ते केल्याच्या समाधानात,
ज्ञानेश्वरमामा


मुंबई, २३ एप्रिल २०२५

ती. स्व. मामांस न. वि. वि.

शिरसाष्टांग मुद्दाम घातलेला नाही. का ते शेवटी सांगते.

पार्सल उघडलं आणि दहाही पत्रिका पलंगावर मांडून बघितल्या. दोन दिवस जेवण गेलं नाही. माझी सगळी पांढरी जागा माणसांनी भरून गेली होती. मैत्रीण कुणाली म्हणाली, मामाची चूक झाली असं सरळ सांगून टाक. मला ते जमेना.

काल परीक्षकबाईंनी पत्रिका हातात घेतली आणि खिडकीच्या उजेडात धरली. मग विचारलं, एका ठशात गणपती कुणी काढला? मी म्हटलं, बारकीने. अक्षरं कुणाची? मी म्हटलं, लग्न ज्यांनी पार पाडायचं त्यांची. कोपऱ्यातल्या नक्षीचा अर्थ विचारला तेव्हा मात्र मी खरं ते सांगितलं. बाई एवढ्या हसल्या, की सरही हसले. मग त्यांनी विचारलं, यात तुझं काय? मी म्हटलं, मी जागा सोडली होती, मॅडम, कशासाठी ते मला माहीत नव्हतं. मामा, मी पहिल्या श्रेणीत पास झाले.

पण उठता उठता बाईंनी विचारलं, की यात तुझं नाव कोणतं? मी शोधलं. वरून खाली, मग आडवं, मग मोबाइल नंबरांच्या मागेसुद्धा. नाही. माझ्या आईचं आहे, हरेशदादाच्या पेनाचंही आहे, माझंच नाही. मला बाईंसमोर रडू आलं.

तेव्हा कळवते, की मी रुसले आहे. रीतसर मान झाल्याशिवाय मांडवात पाऊल टाकणार नाही. आले तरी जेवून जाईन, वाढणार नाही.

पाहुणी,
मनस्वी


शेणवा, २७ एप्रिल २०२५

चि. मनस्वीस आशीर्वाद.

तुझं पत्र मी मोठ्याने वाचून दाखवलं. पास झालीस म्हणून मामीने आधी साखर वाटली आणि मग सगळ्यांनी मिळून मला धारेवर धरलं. नवसू तर म्हणाला, की पोरीचं नाव नाय तर मेढ पण नाय. चूक माझी आहे, बाय. गावभर पेन फिरवलं आणि तुझ्यापर्यंत आणलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

या पत्राच्या मागोमाग नारळ-सुपारी घेऊन तुझ्या होस्टेलच्या दारात येतो. गावदेवीपुढे अजून एकही पत्रिका ठेवलेली नाही. भाचीचं नाव नसलेली पत्रिका मी दारोदार नेणार नाय, असं तुझी मामी म्हणते. तेव्हा सगळ्याच्या सगळ्या तीनशे नव्वद पिशवीत भरून आणतो. रुपालीच्या नावाखाली बोटभर जागा आहे, तिथे तू स्वतःच्या हाताने नाव लिहायचं, प्रत्येक पत्रिकेवर.

घाई करू नको. मी बाहेर बाकावर बसतो.

तुझा अपराधी,
ज्ञानेश्वरमामा