नवी एसएसडी बसवल्यावर

अण्णा, तुम्ही गेल्यापासून तुमच्या पिठाच्या गिरणीच्या खोलीत माझं ऑनलाइन सेंटर आहे. वर पत्रे तेच. दुपारी कॉम्प्युटर तापायचा, जुनी हार्ड डिस्क कुरकुरत राहायची आणि लोक ताटकळत बसायचे. मागच्या महिन्यात नांदूरघाटकडचे एक म्हातारे मेंढपाळ हयातीच्या दाखल्यासाठी आले. त्यांनी अंगठा ठेवला आणि स्क्रीन अडकली. मी सगळ्यांदेखत ओरडले, "किती वेळा सांगायचं, हात हलवू नका! तुमच्यामुळं बंद पडलं सगळं." ते अंगठा धोतराला पुसत राहिले. "झिजलाय बाई, दगडाधोंड्यात," म्हणाले आणि तसेच निघून गेले. अंगठ्याचा काही संबंध नव्हता, हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग मी बीडला गेले. जुन्या हार्ड डिस्कच्या जागी बसवायला दुकानात सगळ्यात वेगवान एसएसडी मागितली. दुकानदार म्हणाला, "ती लई तापती ताई, अन् तापली की आपसूक हळू पडती. पत्र्याखाली बसता, तर मधली घ्या. वर गरमी ओढून घ्यायला हीटसिंकची पट्टी लावू, मागं एक पंखा." मला तुमचीच आठवण झाली. पीठ गरम पडायला लागलं की तुम्ही गिरणी बंद करायचात आणि बायकांना सांगायचात, "आमचे दगड तापलेत, जरा दम धरा." एकदा पीठ करपलं, तेव्हा मी एका बाईला म्हणाले होते, तुमचीच ज्वारी ओली. तुम्ही तिच्यासमोरच मला म्हणालात, "गिरणी आपली हाय, दोष या बाईच्या माथी कावून मारतीस?" मी मधलीच घेतली.

आता बटण दाबलं की कॉम्प्युटर लगेच सुरू होतो. भर दुपारीही अडकत नाही. काल ते आजोबा परत आले. हात साबणानं घासून आले होते. अंगठा पहिल्याच वेळी लागला. दाखला घडी करून खिशात ठेवताना म्हणाले, "बाई, त्या दिवशी माझ्यापायी तुमचं मशीन बिघडलं. माफी करा."

खोलीत चारपाच माणसं बसली होती. खरं सांगायला मी तोंड उघडलंही. पण बाहेर पडलं ते एवढंच, "असू द्या, आजोबा." त्यांचा चेहरा खुलला, आणि ते हात जोडून गेले.

हे तुमच्यापर्यंत पोहोचणार नाही, म्हणूनच लिहू शकते. चूक माझी होती, अण्णा, आणि माफ मी त्यांना केलं.