कव्हरवरची बाई हसत नाही

आई, मी पोटासाठी नक्की काय करते हे तू होतीस तेव्हाही तुला धड कळलं नव्हतं, आणि आज समोर बसवून सांगायला घेतलं तर तू मध्येच उठून मासे साफ करायला जाशील. तरी सांगते. हल्ली लोक कॉम्प्युटरवर खेळ खेळतात, त्यातले काही खेळ म्हणजे चक्क कामं असतात. कोणी खेळात ट्रक चालवतं, कोणी शेत नांगरतं, कोणी विमानतळावर बॅगा तपासतं. त्याला सिम्युलेशन म्हणतात. दिवसभर ऑफिसात मान मोडून आलेली माणसं घरी येऊन हौसेने दुसऱ्याची कामं करत बसतात. तू म्हणाली असतीस, त्यांना हिकडं पाठव, भांडी पडलीत. तर आमच्या कंपनीने आता काढलेला खेळ होमस्टेचा आहे. समुद्राकाठचं गाव, नारळाची वाडी, चार खोल्या, आणि खेळणाऱ्याने पाहुणे सांभाळायचे. चादरी बदलायच्या, मासळी आणायची, वीज गेली की धावायचं, आंघोळीचं पाणी तापवायचं. नागावात तू वीस वर्षं जे केलंस ते आता लोक करमणूक म्हणून करणार आहेत, आणि हे खेळ इंटरनेटवरच्या ज्या दुकानात विकतात त्या स्टोअरमधलं त्याचं कव्हर काढायचं काम माझ्याकडे आलं.

कव्हर म्हणजे दुकानावरची पाटीच. स्टोअर उघडलं की टपालाच्या तिकिटाएवढी शेकडो चित्रं ओळीने दिसतात आणि बघणाऱ्याचा अंगठा त्यांच्यावरून झरझर सरकत असतो. त्या अंगठ्याला अडवायचं आणि इथे तुला काय करायचंय ते सांगून टाकायचं, एवढंच काम. पण आमचा मार्केटिंगवाला म्हणजे शहाण्यांचा शिरोमणी. त्याने नागाव एकदाच पाहिलंय, तेही रबरी होडीवर बसून किंचाळताना. त्याला त्या तिकिटात सगळं पाहिजे होतं. मावळता सूर्य, वाकलेला माड, झुला, तळलेलं पापलेट, नऊवारीतली हसरी आंटी, आणि वर बांबूच्या कांड्यांची अक्षरं. बांबूने लिहिलेलं आपल्या गावात कोणी काही पाहिलंय? आणि नऊवारी! तू तर बारा महिने तेरा काळ मॅक्सीत, खांद्यावर टॉवेल. त्याने सांगितलं तसं मी काढून दिलं. मोठ्या पडद्यावर ते बरं दिसायचं, लहान केलं की कालवण सांडल्यासारखं. खेळाचा थोडा भाग लोकांना चाखायला दिला तेव्हा त्या कव्हरला भुलून झुल्यात लोळायची हौस असलेली मंडळी आली. दोन चादरी बदलल्या आणि पळाली. जाताना लिहून गेली की यात नुसतं कामच आहे. मग काय, आम्ही त्यांचे पाय चेपणार होतो?

तेव्हा मला तुझी पाटी आठवली. शेजारच्यांच्या फाटकावर पाच रंगांत रामायण लिहिलेलं असायचं, एसी, नॉन-एसी, व्हेज, नॉनव्हेज, पार्किंग, चोवीस तास गरम पाणी. तू जुन्या कपाटाच्या काळ्या फळीवर पांढऱ्या रंगाने लिहिलंस, ‘खोली आहे. जेवण आहे.’ मी तेव्हा अलिबागला कॉलेजात चित्रकला शिकत होते आणि मला त्या पाटीची इतकी लाज वाटायची की मैत्रिणींना घरी आणायचे नाही. सुट्टीत मी तुला म्हणते, मी छान डिझाइन करून देते, शंख-शिंपले काढते. तू कांदा चिरते आहेस, वर बघतही नाहीस. म्हणतेस, “गाडीतला मानूस भुकेला असतो गो. त्याला वाचायला कुठं वेळ हाय?” गाड्या तुझ्याच फाटकाशी थांबायच्या. आणि त्यातलीही एखादी तुला पसंत पडायची नाही. एकदा दारूचे खोके भरून आलेली पोरं उतरली, चारही खोल्या रिकाम्या होत्या, आणि तू खुशाल सांगितलंस की खोली न्हाय. बाबा चिडले. तू म्हणालीस, नको तो मानूस आत घेतला की हवा तो परत येत न्हाय. मी पुढे फी भरून जे शिकले त्यात याहून जास्त काही नव्हतं, फक्त इंग्रजीत होतं.

म्हणून मी दुसरं कव्हर काढलं, कोणाला न विचारता. मागे नुसती पिवळी भिंत. सूर्य नाही, माड नाही, समुद्र तर नाहीच. पुढे मॅक्सीतली एक बाई, खांद्यावर टॉवेल, हातात वाफाळत्या पाण्याची बादली, आणि ती सरळ बघणाऱ्याकडे बघते आहे. हसत नाही. रागावलेलीही नाही. समोरच्याला पुरतं जोखलंय आणि तरी पाणी आणून दिलंय, असं ते बघणं. ते डोळे मला एकाच बैठकीत जमले. चित्र नखाएवढं केलं तरी बादली दिसते आणि नजर दिसते. खेळ काय आहे ते त्यात सगळं आलं. काम करायचं, आणि ज्याच्यासाठी करायचं त्याला सोसायचं.

मीटिंगमध्ये ते पडद्यावर लावलं तेव्हा सगळे खो खो हसले. एक मुलगी म्हणाली, ही बाई मला आत्ता खोलीबाहेर काढेल. साहेबांना पसंत पडलं. मार्केटिंगवाल्याचं मात्र पोट दुखायला लागलं. ओठांचे कोपरे जरा वर घ्या, म्हणाला, थोडी स्माईल द्या, पाहुण्यांना वेलकम वाटलं पाहिजे. मी सांगितलं की ओठांना हात लावलात तर चित्र परत घेते आणि नोकरीही सोडते. नोकरी सोडायची माझी ऐपत नाही, पण त्या क्षणी मी खरंच सोडली असती. मग साहेबांनी विचारलं, कोण आहे ही, अशी का बघते? मी म्हणाले, माझी आई आहे, सगळ्या गिऱ्हाइकांकडे अशीच बघायची. झालं! मार्केटिंगवाल्याचे डोळेच चमकले. आता त्याला उद्या सकाळपर्यंत ‘कव्हरमागची गोष्ट’ पाहिजे. कष्टाळू आई, कोकणी स्वाभिमान, लेकीने वाहिलेली आदरांजली. माझा तुझ्यासोबतचा फोटोही मागितलाय, मेल्याने. मी तासाभरात लिहून पाठवून दिलं. असलं लिहायला मला वेळ लागत नाही.

पण आई, तू गिऱ्हाइकांकडे कधीच तसं बघितलं नाहीस. पाठीमागे नावं ठेवायचीस, समुद्र बघायला येतात आणि टीव्ही मागतात म्हणायचीस, पण तोंडावर तुझं सदा हसू. त्या दारूवाल्या पोरांनाही तू हसूनच वाटेला लावलंस. ती नजर फक्त माझ्या वाट्याला आली. मुंबईत पहिली नोकरी लागली त्या वर्षी मी ऑफिसातली पाचजणं घेऊन नागावला आले. चांगलं होमस्टे माहीत आहे, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. कोणाचं, ते सांगितलं नव्हतं. इंग्रजी बोलणारी, परफ्युम मारणारी ती माणसं, आणि ही फळी, ही मॅक्सी. तू फाटकाशी आलीस, माझं नाव घ्यायला तोंड उघडलंस आणि माझा चेहरा बघून मिटलंस. मग तू सगळ्यांना म्हणालीस तसं मलाही म्हणालीस, “या, बसा.” बाबा माणगावला गेले होते, तेवढं बरं झालं असं मला तेव्हा वाटलं, हेही लिहून टाकते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे आंघोळीच्या पाण्यावरून कुरकुरत होते, हसत होते. मला वाटलं, मी एकटीच गप्प बसले तर यांना संशय येईल. मी खोलीच्या दारात उभं राहून हाक मारली, मावशी, पाणी गार आहे, कसली सर्व्हिस तुमची. तुला मावशी म्हटलं मी. तू बादली घेऊन आलीस, माझ्या पायाशी ठेवलीस आणि वर बघितलंस.

“आणखी एक आणून देऊ का ताई?” म्हणालीस.

पुढची दोन वर्षं तू त्यावर चकार शब्द काढला नाहीस, आणि मग गेलीसच. त्या नजरेवर उद्या जगभरातली माणसं बोट ठेवणार आणि किती विनोदी बाई आहे म्हणणार. मार्केटिंगवाल्याला मी इतका वेळ शिव्या घातल्या, पण त्याने निदान तुला हसवायचंच म्हटलं होतं. खरी गोष्ट त्यांना पाठवायची माझी छाती नाही, आणि हे तुला पाठवायला पत्ता नाही.

पाणी गार नव्हतं, आई. चांगलं कढत होतं.