फितुराचं काम

रामनगर,
२० मे

प्रिय वासू,

वीस वर्षांनी बाईंचं पत्र बघून तू दचकशील. तुझी रुक्माआक्का सोमवारी बाजारात भेटली. कंद विकायला बसली होती, तिनंच हाक मारली. पुढच्या सोमवारी हे पत्र तिच्याच हाती देणार आहे; तुमच्या गावी, कुंभारवाड्याला, पोस्टाआधी तीच पोचेल. मला निवृत्त होऊन चार वर्षं झाली. गुडघे दुखतात, बाकी ठीक. तू कसा आहेस, असं लिहायला गेले आणि हात अडला. ते विचारायचं तोंड मला राहिलेलं नाही.

नववीतलं ते नाटक तू विसरला नसशील. ग्रीक आणि पर्शियन यांच्या लढाया मी फार रंगवून शिकवायचे. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला डोंगर, मधल्या चिंचोळ्या खिंडीत मूठभर ग्रीक आणि समोर पर्शियाच्या सम्राटाचं अफाट सैन्य. दोन दिवस त्या सैन्याला खिंड ओलांडता आली नाही. तू श्वास रोखून ऐकायचास. गॅदरिंगला हेच बसवायचं ठरलं, तेव्हा तुझ्या वडलांनी बांबूची ढाल विणून पाठवली. "बाई, मला शिपाई करा," म्हणालास. पण शिपायांची कामं मी पेठेतल्या पोरांना वाटून टाकली होती. निखिल तर राजाच. त्याचे वडील शाळेच्या कमिटीवर, आणि माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती. उरलं होतं एफियाल्टिसचं काम, पर्शियनांना डोंगरातली आडवाट दाखवणाऱ्या फितुराचं. सगळ्या वर्गासमोर मी म्हणाले, "तू रानातला, वाटा तुलाच ठाऊक. तूच शोभतोस." वर्ग हसला. मीही हसले. तुझी ढाल निखिलच्या हातात गेली.

काम तू इतकं चांगलं केलंस की दुसऱ्या दिवसापासून तुझं नावच गेलं. हजेरी घेताना मागून कुणीतरी ओरडायचं, "फितूर हजर!" मला ऐकू यायचं. मी पुढचं नाव घ्यायचे.

एक गोष्ट मी तुम्हाला शिकवली नव्हती. त्या आडवाटेवर ग्रीकांनी हजार माणसं पहाऱ्याला ठेवली होती. पर्शियन आले, बाण सुटले, तशी ती माणसं वाट सोडून वर टेकडीवर सरकली. पर्शियन त्यांच्याकडे न बघता खाली उतरले. नाटकात इतकी पात्रं कुठून आणायची, म्हणून मी ते गाळलं. जगानंही गाळलंच, वाट दाखवणाऱ्याचं नाव शाळेतल्या पोरांनाही पाठ, वाट सोडणाऱ्यांचं कुणाला माहीत नाही.

मग माघात उळवीची जत्रा आली. निखिल आणि चौघं शाळा बुडवून ट्रकमधून जत्रेला गेले. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरांनी प्रार्थनेनंतर पाचही जणांना वेतानं फोडून काढलं. कुणी सांगितलं, ते मात्र त्यांनी सांगितलं नाही. पोरांना विचारायची गरजच नव्हती. मधल्या सुट्टीत त्यांनी तुला पाण्याच्या टाकीमागं गाठलं. मी स्टाफरूमच्या खिडकीत होते, वासू. तू रडत नव्हतास. "मी न्हाई सांगितलं," एवढंच म्हणत होतास, पुन्हा पुन्हा. मी खिडकी लावून घेतली.

आठवड्यानं तुझे वडील आले. चपला पायरीखाली काढून दारातच उभे राहिले. "बाई, पोरगं शाळेचं नाव काढू देईना. काय झालंय? तुमाला कायतरी ठाव असंल." मी म्हणाले, मला काही ठाऊक नाही. त्यांनी हात जोडले आणि गेले. ते वारल्याचंही मला रुक्माकडूनच कळलं.

ती आणखीही बोलली. "वासूची पूर्णिमा सातवी झाली, बाई. पोरगी हुशार हाय. पण वासू म्हणतो, पुढं न्हाई घालायचं. तितं पोरास्नी नावं पाडत्यात." आणि लगेच हसून, "तुमची मात्र अजून याद काढतो हं." त्या शेवटच्या वाक्यानं मी घरी येऊन जेवू शकले नाही.

पाच जणांना ट्रकवर चढताना मी पाहिलं होतं. हेडमास्तरांना सांगणारी मी होते. पोरांच्या काळजीनं नव्हे, हेडमास्तरांच्या नजरेत भरावं म्हणून. परवा निखिलला फोन करून हे सांगितलं. आता तोच कमिटीवर आहे. म्हणाला, "बाई, आता कशाला?" बाकीच्या चौघांनाही मी एकेक करून गाठणार आहे. तुझ्याकडे मात्र क्षमा मागत नाही. ती द्यायचं ओझंही तुझ्यावर कशाला? मागणं एवढंच, की माझ्या पापापायी पूर्णिमाचं शिक्षण थांबवू नकोस. हे पत्र तिला मोठ्यानं वाचायला लाव. बाई खोटं बोलू शकतात, हे हायस्कुलात पाऊल टाकण्याआधी तिला कळलेलं बरं.

तुझीच, जिला तू अजून बाई म्हणतोस ती,
सुशीला