मौनाची उमेदवारी

॥ श्री ॥

जुईनगर
मार्गशीर्ष शु. ११, शके १९४७ (१ डिसेंबर)

ज्याच्या कृपेवाचून जिभेवर एक अक्षरही ठरत नाही, त्या परमात्म्याचे स्मरण करून लिहितो.

चि. सौ. ईश्वरी हिस तात्याचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

मला फोनवरचे ऐकू येत नाही म्हणून तू पत्र लिहितेस, हे माझ्या बहिरेपणाचे भाग्यच. महापालिकेला आमच्या प्रभागातून उभी राहतेस आणि मी येथला मतदार, म्हणून अर्जावर सूचक म्हणून माझी सही मागतेस. बाळे, तुझ्या बारशालाही नाव मीच सुचवले होते. थोरल्या काकाने पुतणीचे नाव आणखी कितीदा सुचवायचे?

पहाटे धारण तलावाकाठी, म्हणजे वस्तीतले पावसाचे पाणी साठवणाऱ्या त्या तलावाकाठी, जातो. हल्ली धुक्यात पाणी कोठे संपते आणि आकाश कोठे सुरू होते ते उमगत नाही. खाडीची भरती झडपेतून आत शिरते, तेव्हा सारा तलाव झोपेत कूस बदलतो. रोहित पक्षी एका पायावर जप करीत उभे असतात. मी बाकावर बसतो, आणि आपण जागे आहोत की कोणाच्या स्वप्नात, याचा निर्णय सूर्य वर येईपर्यंत पुढे ढकलतो.

तुला पक्षाचे तिकीट अभिराम मिळवून देणार, असे तू लिहितेस. माझा धाकटा भाऊ दोन वेळा आमदार होता, आता ‘सल्लागार’ आहे. त्याच्या पत्राच्या माथ्यावर ‘आमदार’ अजून ठळक असते आणि ‘माजी’ मोहरीएवढे. तो कामावाचून शेजारच्या सत्यनारायणालाही जात नसे. तेव्हा त्याने काय मागितले, ते मोकळेपणी कळव.

तुझ्या अक्षराची वाट पाहणारा,
तात्या

*

तळवली
७ डिसेंबर

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

अभिकाकांनी काहीच मागितलं नाही, असं मी पहिल्याच ओळीत लिहिणार होते. पण आज सकाळी त्यांनी मला वाशीच्या एका हॉटेलात नाश्त्याला नेलं. तिथे आणखी दोन माजी आमदार बसले होते. एक ते, ज्यांना काका भर विधानसभेत दरोडेखोर म्हणाले होते. दुसरे ते, ज्यांनी काकांच्या समोरचा माईक उपटला होता. तात्या, तिघं एकाच बशीतला उपमा खात होते! तिघंही आता सल्लागार, आणि तिघांचा विकासकही एकच.

माझा वचननामा त्यांनी तयारच ठेवला होता. पाणी, शाळा, दवाखाना, सगळं छान. मग एक ओळ आली: ‘जलवैभवाच्या सान्निध्यात नववसतीचा उदय’. मी नकाशा मागितला. तुम्ही पहाटे बसता त्या तलावाच्या जागी सात इमारती आहेत. मी म्हटलं, पावसाचं पाणी हाच तलाव पोटात घेतो, तो बुजवला तर सोसायट्यांचे तळमजले बुडतील. त्यावर माईकवाले गोड हसून म्हणाले की ताईंनी अजिबात टेन्शन घेऊ नये, पाठिंबा कुणीच मागत नाही, फक्त सभेत ठराव येईल त्या दिवशी ताईंचा घसा बसलेला असावा.

तेवढ्यात वेटरने विचारलं की कालच्या मॅडमसारखी मलाही बिनसाखरेचीच कॉफी हवी का. कालच्या मॅडम म्हणजे माझ्या विरोधात उभ्या राहणाऱ्या बाई. काका चमच्यात स्वतःचं तोंड बघत बसले. मग तात्या, निवडून कोणीही आलं तरी जिंकणार कोण?

आठ वर्षं मी लोकांच्या गळक्या नळांच्या तक्रारी घेऊन ऑफिसं झिजवली. तिकीट नसेल तर पडणार, हे मला कळतं. तिकीट काकांच्या खिशात आहे.

एक विचारते, रागावू नका. ‘नववसतीचा उदय’ असं मराठी लिहिणारा अख्ख्या नवी मुंबईत एकच माणूस मला माहीत आहे. ती ओळ तुमची आहे का?

माया आहे तशीच ठेवा.
तुमची ईश्वरी

*

बेलापूर
१८ डिसेंबर

ती. तात्यांच्या चरणी सा. न. वि. वि.

आपली प्रकृती उत्तम असेल. गुडघ्याला तेल चोळता ना?

ईश्वरीने आपल्याला काय लिहिले असेल, याची मला कल्पना आहे. लोक मला दलाल म्हणतात. मी फक्त ओळखीच्या माणसांना एका टेबलाशी बसवतो. तलाव गाळाने भरला आहे, डासांचे माहेरघर झाला आहे. तेथे घरे झाली तर कोणाचे काय बिघडते?

तात्या, आपल्यापाशी खोटे बोलवत नाही. माजी सदस्याचा पास दाखवून विधानभवनात शिरतो, तेव्हा दारावरचा पहारेकरी अजून सलाम करतो. त्या लांब मार्गिकेतून चालताना पाच मिनिटे वाटते की मी अजून आहे. बाहेर आलो की सारे विरून जाते. आपण देवळात जाता, मी तेथे जातो. विकासकाचे काम सोडले तर तेथे जायला मला कारण उरणार नाही.

भाद्रपदात स्मरणिकेसाठी म्हणून आपण ज्या चार ओळी सुधारून दिल्यात, त्यांचे सर्वांनी कौतुक केले. ईश्वरीकडून मला शब्द नको, मौन पुरे. आपण दर एकादशीला मौन पाळता, त्याचे पुण्य लागतेच की नाही? थोडे पोरीलाही लागू द्या. आपण सांगितलेत तर ती ऐकेल. नाहीतर पक्षाचे तिकीट दुसऱ्याच कोणाच्या नावे जाईल, ते मला थोपवता येणार नाही.

आपल्या वडीलपणाची सावली असू द्यावी.
आपला अभिराम

*

तळवली
२२ डिसेंबर

ती. तात्यांस शि. सा. न. वि. वि.

काल काकांना सांगितलं, माझा घसा बसणार नाही. ते भांडले नाहीत. इतकंच म्हणाले की मी वडिलांच्या वळणावर गेले, आणि बाबाही आयुष्यभर असेच पडत राहिले. जाताना दारात थांबून तुमच्या गुडघ्याची चौकशी केली. ते गेल्यावर मी खूप रडले.

तिकीट गेलं. अपक्ष उभी राहते आहे. अर्ज घेऊन शुक्रवारी येते. हरणाऱ्या पुतणीसाठी सही करायला संकोच वाटत असेल तर तसं सांगा, मी दुसरा सूचक शोधेन.

माझ्या त्या प्रश्नाचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

तुमच्या शब्दाची वाट बघते.
ईश्वरी

*

॥ श्री ॥

जुईनगर
पौष शु. ८, शके १९४७ (२८ डिसेंबर)

चि. अभिराम यास, आणि ज्यांच्या दृष्टीस हे पत्र पडेल त्या सर्व शेजाऱ्यांस, नंदकुमार गुरुजींचे आशीर्वाद व नमस्कार. वि. वि.

अभिराम, शुक्रवारी ईश्वरीचा अर्ज दाखल झाला. सूचक म्हणून माझी सही आहे. ती इतकी वाकडी उमटली की अधिकाऱ्याने ओळखपत्र पुन्हा मागितले.

ती ओळ माझी होती का, असे पोरीने विचारले. तीन आठवडे मी उत्तर दिले नाही. आता देतो. होय, माझी. तू धाडलेल्या कागदावर मूळ वाक्य होते, ‘तलाव भरून घरे.’ मला ते ओबडधोबड वाटले. मी तलाव झाकला, जलवैभव आणले, उदय घातला. नकाशा मागण्याचे सुचले नाही. शब्दांचा नाद जमला यातच तृप्त झालो. अडाण्याच्या हातून खरे वाक्य उतरले होते, ते पंडिताने खोटे केले. आयुष्यभराच्या अध्ययनाचे हे फळ.

आणि मौनाविषयी. माझ्या एकादशीच्या मौनाचा उपवास माझ्या जिभेला घडतो. तू मागतोस त्या मौनाचा उपवास दुसऱ्याच्या चुलीला घडेल.

काल पहाटे तलावाकाठी डोळा लागला. पाण्याखाली खोल्या दिसल्या, दिवे लागलेल्या. आत माणसे शांत निजली होती. उशा तरंगत होत्या, पण कोणी कोणाला हाक मारीत नव्हते. तू दारात उभा होतास आणि एका रिकाम्या खुर्चीला सलाम करीत होतास. मी हाक मारली, तर माझ्या तोंडून ते सुंदर वाक्यच बाहेर पडले. जागा झालो तेव्हा उन्हे आली होती.

म्हणून हे पत्र प्रभागातील प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लावीत आहे. ईश्वरीने हात जोडून नको म्हटले; तिच्याच काकाने तलाव झाकला हे कळल्यावर तिची मते जातील, असे तिला वाटते. जातील कदाचित. पण दुसऱ्याने लादलेले मौन मोडायला निघालेल्या मुलीने काकाचे मौन पदराआड ठेवू नये. कच्चा मसुदा दाखवला तेव्हा अकरा सोसायट्यांनी होकार दिला. तिघांनी नाकारले. एक सचिव म्हणाले की गुरुजी, भाषा फार जड आहे, लोक लिफ्टची वाट बघता बघता वाचतात, जरा सोपे करून आणा. त्यांचे म्हणणे योग्य आहे. त्यांच्यासाठी खाली एक ओळ लिहितो, हीच वाचावी:

तलाव बुजवून त्यावर सात इमारती बांधायच्या आहेत.

अभिराम, तुझ्या पत्राच्या माथ्यावर काहीही छापलेले असो, ‘माजी भाऊ’ असे काही नसते. त्या मार्गिकेत जायला कारण उरले नाही, तर माझ्याकडे यायला कारण लागत नाही. दार उघडेच असते.

ज्यांनी हे वाचले, त्यांनी ईश्वरीस मत द्यावे अथवा न द्यावे. तो आपापल्या अंतर्यामीचा आदेश. परंतु आपणा सर्वांच्या घरी पाणी नळातून येवो, उंबऱ्यावरून न येवो. आपली मुले कोरड्या अंथरुणात निजोत. आणि बोलण्याची वेळ येईल तेव्हा परमेश्वर आपल्या प्रत्येकाच्या मुखी साधे, खरे वाक्य देवो. शुभं भवतु.

सर्वांचा,
नंदकुमार