भुईगावचा नंबर

प्रिय ॲल्रॉय,

स्क्रू निघेना म्हणून सुरीचं टोक घातलं, तर भिंतीचा पोपडाच हातात आला. दुसऱ्या स्क्रूची वाट पाहिली नाही. खोका ओढून काढला. वायरी लोंबताहेत, हिरवे दिवे विझलेत. या घरात आता इंटरनेट नाही आणि फोनही नाही, कारण तू दोन्ही एकाच खोक्यात घातलं होतंस. भिंतीला भोक पडलंय. फ्लॅट तू घेतलास हे मला नेहमी ऐकायला मिळतं, तेव्हा भोकही तुझंच.

जुना फोन काढू नकोस असं मी म्हटलं होतं. लाईट गेली तरी तो चालायचा. या खोक्याचं तसं नाही, लाईट गेली की घर मुकं. तू म्हणालास, नंबर तोच राहील मम्मी, फक्त सगळं एका जागी येईल. पुण्यात बसून मी इथलं वायफाय चालू-बंद करू शकतो, तुला नको ते फोन अडवू शकतो. कर्ज हवंय का विचारणारी एक बाई रोज दुपारी फोन करायची. तू तुझ्या मोबाईलवर बोट फिरवलंस आणि म्हणालास, "बघ, आता ही जन्मात वाजणार नाही." मी शेजारच्या हंसाबेनला कौतुकाने सांगितलं. पुढच्या खेपेला माझा मोबाईल घेऊन गेलास. म्हाताऱ्या माणसांना ओटीपी विचारून लुबाडतात, खोका आहे ना, दोन फोन कशाला. तेही मला पटलं. चौथा मजला, लिफ्ट सारखी बंद, हे गुडघे. जगाशी बोलायला तेवढी एक वायर उरली.

आमच्या घरची रीत तुला माहीत आहे. वर्षभरात भावंडांत काही बिनसलं असेल, तर गुड फ्रायडेला देवळातून आल्यावर धाकट्याने थोरल्याकडे जायचं आणि माफी मागायची. थोरल्याने आपणहून जायचं नाही. जाणं झालं नाही, तर अलीकडे फोन चालतो. तो उचलला नाही, तर माफी नाकारली असं धरतात. तुझ्या आजोबांनी एकदा त्यांच्या भावाला दारातून परत पाठवलं होतं. ते दोघे मरेपर्यंत बोलले नाहीत.

नात्यातल्या डेरिकच्या लग्नात रिचर्डमामाने सगळ्यांसमोर तुला दलाल म्हटलं. भुईगावच्या वाडीतला माझा हिस्सा विकायचं तूच काढलं होतंस, म्हणून म्हटलं. मी न जेवता उठले. माझ्या मुलाला कुणी असं बोललेलं मी ऐकून घेत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. त्यानंतरच्या गुड फ्रायडेला मी उपासाची पेज पुढ्यात घेऊन फोनशेजारी बसले. पेज निवली. संध्याकाळी वाजला तो तुझा. मी म्हटलं, मामाचा आला नाही रे. तुझे शब्द मला पाठ आहेत. "जाऊ दे ना मम्मी. त्या लोकांना वाडी हवी, तू नको."

पुढच्या वर्षीही तसंच झालं. मी रडले नाही. भुईगावची माणसं भेटली तर रिचर्डचं विचारणं सोडलं. ती त्याच्याविषयी बोलायला लागली की मी विषय बदलला. गेल्या नाताळात तू परत वाडीचं काढलंस, तेव्हा मी हो म्हणाले. ज्या घरी आपलं कुणी नाही तिथल्या विहिरीत आणि केळीत हिस्सा ठेवून काय करायचं, असं मला वाटलं. मला तसं वाटावं, हेच तुला हवं होतं.

आज गुड फ्रायडे. दुपारी बेल वाजली. दारात रिचर्ड. लिफ्ट बंद होती, तो जिने चढून आला होता आणि त्याला दम लागला होता. मागे शर्ली, हातात पेजेचा डबा. मी काही म्हणायच्या आत तो ओरडला, "बाय, माफ करायचं नसेल तर तोंडावर सांग. फोन वाजवत ठेवून माणसाला कुत्र्यासारखं काय बसवतेस?" मी म्हटलं, कुठला फोन? तुझी जीभ लग्नात चालली, फोन करायला बोट चालत नाही का? तो म्हणाला, "दर वर्षी करतो. आत्ताही खालून केला." त्याने खिशातून मोबाईल काढला, माझा नंबर लावला आणि माझ्या कानाशी धरला. त्यात रिंग जात होती. माझा फोन टेबलावर होता, रिचर्डपासून हातभर अंतरावर. तो गप्प होता.

मग शर्लीने तिच्या मोबाईलवरून लावला. तो वाजला. ती म्हणाली, "आत्या, बाबांचा नंबर कुणीतरी ब्लॉक केलाय." कुणी, ते तिने विचारलं नाही. शहाणी मुलगी आहे. रिचर्ड खुर्चीत बसला. त्याचे केस सगळे पांढरे झालेत, तू मला सांगितलं नाहीस. त्याने माझा हात धरून माफी मागितली, रीतीप्रमाणे. मी दिली. मग आम्ही तिघांनी पेज खाल्ली. तो जाताना म्हणाला, "पोराला फार बोलू नकोस." तुला दलाल म्हणणाऱ्याने हे म्हटलं, म्हणून लिहिते.

हे फोनवर सांगता आलं असतं. शर्ली आज इथेच राहणार आहे, तिचा मोबाईल आहे. पण फोनवर तू बोलतोस आणि मी ऐकते. समजावतोस, हसतोस, मम्मी मम्मी करतोस आणि शेवटी मी हो म्हणते. कागदावर तुला मध्ये बोलता येत नाही. तर वाच. महिनाअखेरीला तू मला सह्यांसाठी न्यायला येणार आहेस. येऊ नकोस. माझा हिस्सा मी विकणार नाही, आणि ईस्टर झाला की भुईगावला राहायला जाणार आहे. भाड्याने द्यायचा तर दे हा फ्लॅट. तू लोभी आहेस हे मला आधीही कळत होतं, आणि लोभ मी माफ केला असता. पण मी फोनशेजारी बसले आहे हे ऐकूनही तू तो वाजू दिला नाहीस. आपल्या रीतीने धाकट्याने थोरल्याच्या दारात यायचं असतं. तू पुढच्या गुड फ्रायडेला ये. दार उघडेन की नाही, ते आज सांगत नाही.

तुझी आई, रिचर्डची बहीण,
फ्लॉसी

शनिवार, सकाळ. पाकीट चिकटवायच्या आत शर्लीच्या मोबाईलवर तुझा फोन आला; खोका बंद दिसल्यावर तू हंसाबेनला विचारलं असशील. तिने तो माझ्यापुढे धरला. वाजून वाजून थांबला. मी घेतला नाही.